फाल्गुनातला विदर्भ : मुक्काम आणि निसर्गछायाचित्रण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माघ उतरणीला लागला की विदर्भातली झाडं पानं टाकतात आणि धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, पळस पेटतो. याच दिवसांत पुण्या-मुंबईकडून, हल्ली नागपूर-अमरावतीकडूनही विचारणा सुरू होते : तंबू कुठे टाकायचा, कोणती लेन्स आणायची, वाघ दिसेल का. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. ती मुख्यतः वाशीम-यवतमाळकडची माळरानं आणि जंगलाकाठची गावं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

विदर्भात वाळवंट नाही. मग राजस्थान सोडून इथे कशाला यायचं?

खरं आहे, वाळवंट नाही. बुलढाण्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीकडे त्याच्या दुपटीच्या जवळ. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडून जातो. फेब्रुवारी संपेस्तोवर नाले आटलेले, गवत पिवळं, साग उघडाबोडका, आणि मुरमाड माळावर दुपारी नजर ठरत नाही. मोकळी नजर, सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश, अंधारी रात्र हे सगळं इथे मिळतं. वर एक गोष्ट जास्तीची : नेमक्या याच कोरड्या दिवसांत इथली मोठी झाडं फुलतात. पान नसलेल्या फांदीवर फूल, आणि त्या फुलावर आसपासची सगळी पाखरं. एरवी जंगलात पक्षी शोधावा लागतो, फाल्गुनात तो कुठे येणार हे आधीच ठाऊक असतं.

म्हणूनच आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी सांगतो. एक, रात्र वावरात काढा, जंगलात नाही. दोन, दिवसभर गाडी फिरवू नका, एक झाड निवडा आणि तिथे बसा.

नेमकं कधी यायचं?

महाशिवरात्र ते होळी. महाशिवरात्र अमावास्येच्या तोंडावर असते, म्हणजे रात्री अंधाऱ्या. ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर तेव्हाच या. होळीला पौर्णिमा असते, रात्रभर चांदणं. माळरान चांदण्यात टिपायचं असेल तर होळीच्या आधीचे दोन-तीन दिवस उत्तम. मात्र महाशिवरात्र काही वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावरच येते, तेव्हा पळस नुकता कळ्यांत असतो. अशा वर्षी आठवडाभर थांबलेलं बरं.

फुलण्याचा क्रम साधारण असा : आधी काटेसावर, मग पळस आणि पांगारा, आणि मार्च मध्यावर आला की मोह. बहावा यात नाही, त्याचा बहर एप्रिल-मे महिन्यांत. महाशिवरात्रीला मार्कंडा, सालबर्डी अशा ठिकाणी मोठ्या यात्रा भरतात. त्या वाटांवर एकांत शोधू नका.

तंबू कुठे टाकायचा?

ओळखीच्या किंवा ओळख करून घेतलेल्या शेतकऱ्याच्या वावरात. या दिवसांत हरभऱ्याची सोंगणी झालेली किंवा चाललेली असते, तूर निघून गेलेली असते, त्यामुळे मोकळी जागा मिळते. आधी गावात जा, पारावर बसा, चहा घ्या. "कोण गावचे पाव्हणे?" असं कुणीतरी विचारतंच, तिथून गोष्ट पुढे सरकते. पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री अनोळखी उजेड दिसला तर गावाला काळजी वाटते, आणि ते बरोबरच आहे.

जागा बघताना पायाखाली बघा. तुरीची आणि पऱ्हाटीची (कपाशीची) धसकटं तंबूच्या तळातून वर येतात. माळावरच्या गवताची कुसळं तर कापडात, मोज्यात, झोपायच्या पिशवीत घुसून बसतात आणि वर्षभर निघत नाहीत. म्हणून तंबूखाली जाड ताडपत्री हवीच. गंजीजवळ, उभ्या गव्हाजवळ तंबू नको. नाल्याच्या पात्रात नको, कारण अवकाळी पाऊस वरच्या अंगाला पडला तरी पाणी खाली येतं. मोहाखाली नको, ते का ते पुढे सांगितलं आहे.

मोकळ्या मुरमाड जागेवर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर तिथून लगेच बाजूला व्हा. मार्चमध्ये तिची अंडी घालायची सुरुवात होते. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात आणि पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

खरं सांगायचं तर तंबूचा आग्रहच धरू नये. शेतातल्या कोठ्यासमोर (गोठ्यासमोर) बाज टाकून, वर मच्छरदाणी बांधून झोपणं जास्त सुखाचं असतं. पहाटे गारवा असतो, एक गोधडी पुरते.

रात्री धुऱ्याने फिरून फोटो काढले तर चालतील का?

नाही. या प्रश्नाचं उत्तर कृपया नीट वाचा. रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात म्हणून शेतकरी कुंपणं घालतात. सौरऊर्जेवर चालणारं झटका मशीन असेल तर जोराचा धक्का बसतो, सहसा माणूस मरत नाही. पण काही ठिकाणी विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात थेट करंट सोडलेला असतो. हे बेकायदा आहे, म्हणून कुणी आपणहून सांगत नाही. अशा तारांनी वाघ मेले आहेत, माणसंही मेली आहेत. ज्याच्या वावरात उतरलात त्याला सरळ विचारा की आजूबाजूच्या कोणत्या शेतात तार आहे. आणि अंधार पडल्यावर त्याच्या वावराबाहेर पाऊल टाकू नका.

गायरानावर किंवा ई-क्लास जमिनीवर राहिलो तर?

ती सरकारी जमीन असते आणि गावाच्या गुरांसाठी असते. ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय नको. गडचिरोलीसारख्या ठिकाणी अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत (मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये, देशात सर्वांत आधी), तिथे ग्रामसभेचा शब्द अखेरचा.

अभयारण्यात तंबू टाकता येतो का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो, आणि छायाचित्रण हे त्या परवान्याच्या कारणांपैकी एक म्हणून कलम २८ मध्ये वेगळं नोंदवलेलं आहे. कलम ३० प्रमाणे आत विस्तव पेटवणं गुन्हा आहे. टिपेश्वर, बोर, नागझिरा, मेळघाट, ताडोबा, कारंजा-सोहोळ, सगळीकडे हेच. वन विभागाची विश्रामगृहं किंवा काठावरच्या गावांतली घरगुती निवास व्यवस्था घ्या आणि सकाळी रीतसर फाटकातून आत जा. ताडोबात सफारीला मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोनवरच फोटो काढणाऱ्यांनी तसा बेत करावा.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे वावरात तंबू चालेल?

चालणार नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या रेषेत राहत नाहीत, ते गावाशेजारच्या झुडपी जंगलात आणि धानाच्या बांधीपर्यंत येतात. मोह वेचायला, सरपणाला गेलेली माणसं तिथे मारली गेली आहेत. ज्या गावात दिवेलागणीनंतर कुणी एकटं बाहेर पडत नाही, तिथे पाहुण्याने मोकळ्यावर झोपण्याचा हट्ट करू नये. पक्क्या घरात राहा. गडचिरोलीच्या आतल्या भागात जाणार असाल तर जवळच्या पोलीस मदत केंद्रात आधी सांगून जा.

पळसाचे चांगले फोटो कसे काढायचे?

यावर आम्ही कितीही बोलू शकतो. पळसाच्या फुलात मध भरपूर असतो आणि तो घ्यायला पाखरं सकाळी सूर्य वर येताच जमतात : साळुंकी, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, टकाचोर. भोरड्यांचा थवा आला तर झाड गजबजून जातं, त्यांना पळसमैना म्हणतात ते उगीच नाही. जांभळा शिंजीर नर या दिवसांत विणीच्या पिसाऱ्यात असतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. पोपट फुलं तोडून खाली टाकतात. खार फांदीच्या टोकापर्यंत येते. जंगलाकाठी खाली पडलेली फुलं खायला चितळही येतात.

आदल्या संध्याकाळी झाड हेरून ठेवा. दाट पळसबनापेक्षा धुऱ्यावरचं एकटं, ठेंगणं झाड बरं, कारण फुलं डोळ्यांच्या उंचीवर मिळतात आणि पाठीमागे दूरचा, धूसर माळ येतो. फेब्रुवारीअखेर सूर्य पावणेसातच्या आत उगवतो, त्याआधी जागेवर बसलेले असा. पाखराची पिसं दाखवायची असतील तर सूर्य पाठीशी घ्या. फुलांचाच फोटो हवा असेल तर झाडाच्या पश्चिमेला जा, पाकळ्यांतून ऊन आरपार येतं. पहिला अर्धा तास कॅमेरा हातात न घेता बसलात तरी चालेल. पाखरांना तुमची सवय झाली की ती जवळच्या फांदीवर येतात, आणि कोणती फांदी कुणाची हेही तेवढ्यात कळतं.

कॅमेऱ्याची एक अडचण हमखास येते. पळसाचा केशरी इतका भडक असतो की पाकळीवरचे बारकावे जाऊन नुसता सपाट रंग उरतो. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, रंगनिहाय बघा. लाल रंगाचा आलेख उजव्या टोकाला चिकटला असेल तर एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली आणा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता उन्हाच्या खुणेवर ठेवा आणि जमल्यास रॉ फाइल घ्या.

फांदी वाकवू नका, तोडू नका. रंगासाठी फुलं हवी असतील तर खाली पडलेली वेचा. पाण्यात उकळली की धुळवडीपुरता पिवळा-केशरी रंग घरच्या घरी होतो.

पळसाशिवाय कोणती झाडं बघावीत?

काटेसावर उंच असते, तिच्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते. टेकड्यांवर सोनसावर दिसली तर सोडू नका. पान एकही नसतं आणि हाताच्या पंजाएवढी पिवळीधमक फुलं. कांडोळ दिवसापेक्षा चांदण्यात बघावा. त्याचं गुळगुळीत पांढरं खोड अंधारात एकटंच उभं दिसतं, म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. ताडोबाकडे आणि मेळघाटात तो भरपूर आहे, पण रात्री जंगलात जाता येत नाही, तेव्हा गावाजवळचा शोधा.

मोह मात्र जपून. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ती वेचायला गावातली माणसं जातात, तशी अस्वलंही येतात. अस्वलाची नजर अधू असते. अचानक समोरासमोर आलं की ते थेट अंगावर येतं. मोह वेचणाऱ्या बाया-माणसांसोबत, उजाडल्यावर आणि त्यांच्या परवानगीनेच जा. त्यांच्यासाठी ही वर्षाची मिळकत आहे, कॅमेऱ्यासाठी त्यांना थांबवू नका.

काळवीट कुठे आणि कसे टिपायचे?

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ हे काळविटांचंच अभयारण्य आहे. वाशीम-अकोल्याकडे शेतांतूनही कळप दिसतात. गाडीतूनच, इंजिन बंद करून, काचेवर उशी ठेवून फोटो काढा. गाडी हीच तुमची आडोशाची जागा, खाली उतरलात की कळप गेला. मोटारसायकल मागे लावून पळता कळप टिपणारे लोक असतात, त्यांच्यासोबत थांबू नका. मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात लपवून चरायला जाते. एकटं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नसतं, हात न लावता निघून या.

नऊ-साडेनऊनंतर माळावर हवा थरथरू लागते. मग कितीही महागडी लेन्स असो, लांबचा प्राणी धारदार येत नाही. दुपार झोपायची, वाचायची, शेतकऱ्याशी बोलायची.

पाणवठ्यावर लपून बसलो तर सगळंच मिळेल ना?

मिळेल, आणि म्हणूनच बसू नये. मार्चमध्ये दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात एखादंच डबकं उरतं. तिथे माणूस बसला की जनावर तहानलेलं परत जातं. पखुर्ड्या (माळावरचे पक्षी) सकाळी ऊन चढल्यावर पाण्यावर उतरतात, त्या वेळी तुम्ही उघड्यावर असाल तर थवा वरच्या वर वळतो. वारा शेततळ्याकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला, दूरवर, गाडीत बसून काढलेले फोटो पुरेत. पाणवठ्यावर रात्र काढायचीच असेल तर वन विभाग बुद्धपौर्णिमेला मचाणावरून निसर्गानुभव हा उपक्रम करतो, त्यासाठी अर्ज करा.

आकाशगंगा दिसते का?

उत्तम दिसते. संध्याकाळी आठच्या सुमारास दक्षिणेला व्याधाचा तारा झळकत असतो आणि त्याच्या बराच खाली, क्षितिजाजवळ, अगस्त्य. आकाशगंगेचा दाट, मधला भाग मात्र पहाटेचा. फेब्रुवारीअखेर तो साडेतीनच्या सुमारास आग्नेयेला पुरेसा वर आलेला असतो आणि सव्वापाचपर्यंत चांगला मिळतो. मार्चमध्ये तो आणखी लवकर उगवतो. २४ मिलिमीटर लेन्स, छिद्र २.८, आयएसओ ३२००, पंधरा ते वीस सेकंद, इथून सुरुवात करा. तारे रेघेसारखे ओढले जात असतील तर वेळ कमी करा. आग्नेयेला शहर किंवा कापसाच्या जिनिंग कारखान्याचे दिवे नसतील असं वावर निवडा. मार्च उतरला की वणव्यांचा आणि पऱ्हाट्या जाळण्याचा धूर क्षितिजावर साचतो, म्हणून आधीची अमावास्या चांगली.

शेकोटी करता येईल?

जंगलात आणि जंगलाच्या काठाला नाही. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो आणि पानगळीचा थर एका बिडीने पेटतो. वावरातही शेतकऱ्याने दाखवलेल्या, नांगरलेल्या जागेतच, वारा पडल्यावर, बाजूला पाण्याची बादली ठेवून. त्याच विस्तवावर गोवऱ्यांचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण होत असेल तर त्याहून चांगलं जेवण नाही. निखारे पाणी ओतून, मातीत कालवून, हात लावून बघितल्याशिवाय झोपू नका.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरून सोबत आणा. गावात टंचाई सुरू होण्याचे हे दिवस असतात, गावकरी नाही म्हणणार नाहीत, म्हणून आपणच मागू नये.

साप, विंचू, मधमाश्या?

ऊन वाढतं तसे साप बाहेर पडू लागतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप लक्षात ठेवा. बूट झटकून घाला, जमिनीवर उघडं झोपू नका, रात्री विजेरीशिवाय उठू नका, दगड हाताने उलटू नका. दंश झालाच तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा, लस तिथेच मिळते. जवळचं रुग्णालय कुठे आहे हे मुक्कामाला पोहोचतानाच विचारून ठेवा.

उंच सावरीवर किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

पाऊस येतो का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट दोन्ही होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातला गहू-हरभरा झोपवला होता. ढग दाटले की तंबू सोडून पक्क्या घरात जा, झाडाखाली नाही. विजेच्या सूचनेसाठी दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. आणि शेतकऱ्याचं सोंगलेलं पीक बाहेर पडलेलं असेल तर कॅमेरा ठेवा आणि ताडपत्री ओढायला हात लावा.

ड्रोन आणू का?

नको. संरक्षित जंगलात खास परवानगीशिवाय बंदी आहे, आणि माळावर त्याच्या आवाजाने कळप आणि घरट्यावरची पाखरं उठतात.

मेळघाटातला रानपिंगळा कसा टिपता येईल?

शतकाहून अधिक काळ कुणाला न दिसलेला हा घुबडाचा प्रकार १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला, आणि मेळघाट हे आज त्याचं महत्त्वाचं घर आहे. तो दिवसा हिंडतो, निष्पर्ण सागावर उघडा बसतो, त्यामुळे फाल्गुनात दिसण्याची शक्यता बरी. स्थानिक वाटाड्या घ्या. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या तोंडावर तो प्रतिस्पर्धी समजून घरटं सोडून भटकतो.

याच दिवसांत मेळघाटात कोरकूंची होळी असते, काही दिवस चालते. वाटेत फगवा (होळीची खुशाली) मागितला तर आनंदाने द्या. नाचाचे फोटो विचारून काढा, आणि नको म्हटलं तर कॅमेरा खाली.

धुळीपासून कॅमेरा कसा जपायचा?

लेन्स माळावर बदलू नका, गाडीत किंवा घरात बदला. काचेवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, कापड नंतर. मुरमाची धूळ कापडाने घासली की काचेवर चरे पडतात. बंद गाडी दुपारी भट्टी होते, बॅटऱ्या आणि कॅमेरा सावलीत सुती कापडात गुंडाळून ठेवा. फक्त फोन असेल तरी या, एकटा पळस आणि माळ यांना मोठी लेन्स लागतच नाही.

महिलांना एकटं येता येईल?

येता येतं, येतातही. शेतात न राहता गावातल्या कुटुंबाकडे उतरा आणि आधी घरातल्या बाईशी बोलून घ्या, म्हणजे शौचालय, अंघोळ यांची सोय नीट कळते. पहाटे शेतावर जाताना घरातलं कुणी ना कुणी सोबत येतंच.

फोटो टाकताना ठिकाण लिहावं का?

तालुक्यापर्यंत लिहा, त्यापुढे नको. घुबडाचं घरटं, पिवळा किंवा पांढरा पळस यांचा पत्ता तर कुणालाच देऊ नका. पांढऱ्या पळसाच्या मुळीने गुप्तधन सापडतं अशा समजुतीने लोक अशी झाडं मुळासकट खणून नेतात.

शेतकऱ्याला पैसे द्यायचे का?

द्यायचे, आणि आधी ठरवून. "पाव्हण्याकडून कसले पैसे" असं म्हणतील. तरी घरातल्या बाईच्या हातात द्या, स्वयंपाक आणि पाण्याची धावपळ तिनेच केलेली असते. त्यांच्या वावराचा, बैलांचा, घरच्या माणसांचा एखादा चांगला फोटो कागदावर छापून पाठवा. फोनवर पाठवलेला फोटो पुसला जातो, कागदावरचा भिंतीवर लागतो, आणि पुढच्या फाल्गुनात तुमच्या आधी आणखी कुणी गेलं तर त्यालाही त्या घरात चहा मिळतो.